वापरसुलभतेची चाचणी: परीक्षा यंत्राची, माणसाची नव्हे

बँकेच्या दालनात पासबुक छापून देणारे नवे यंत्र बसवले जाते. पहिल्याच दिवशी एक निवृत्त गृहस्थ त्याच्यापुढे उभे राहतात. पासबुक फटीत सरकवतात. यंत्र ते बाहेर ढकलते. पुन्हा सरकवतात; पुन्हा बाहेर. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘अहो काका, उलटं धरा’ असे सुचवते. काका ओशाळतात, ‘आम्हाला या मशीनमधलं काही कळत नाही’ असे पुटपुटत बाजूला होतात आणि काउंटरच्या रांगेत जाऊन उभे राहतात. यंत्राच्या नोंदीत एवढेच उरते, की अमुक वाजता पासबुक वाचता आले नाही. पासबुकाची कोणती बाजू वर आणि कोणती आत, हे फटीजवळ कुठेही दाखवलेले नव्हते. पण तो दोष यंत्राच्या खाती पडत नाही. तो काकांच्या खाती पडतो, आणि विशेष म्हणजे काका स्वतःच तो तिथे टाकतात.

यंत्र प्रत्यक्ष बसवण्यापूर्वीच असे दोष हुडकून काढण्याची जी पद्धत संगणकक्षेत्रात गेल्या चार दशकांत रूढ झाली, ती युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजेच वापरसुलभतेची चाचणी. तिची कल्पना अगदी साधी आहे. ज्यांच्यासाठी यंत्रणा तयार केली, त्यांच्यापैकीच काही माणसांना बोलवायचे. त्यांनी ती यंत्रणा पूर्वी पाहिलेली नसावी. त्यांना नेहमीच्या व्यवहारातले एखादे काम द्यायचे आणि ते करताना ती कुठे थबकतात, कुठे चुकतात, काय समजून बसतात हे शांतपणे पाहायचे. पाहणाऱ्याने शिकवायचे नाही, सुचवायचे नाही आणि चूक दुरुस्तही करायची नाही. ऐकायला सोपी वाटणारी ही अखेरची अट पाळणे हाच या पद्धतीतला सर्वांत कठीण भाग आहे.

ही चाचणी म्हणजे संगणकतज्ज्ञ आज्ञावलीतील चुका शोधण्यासाठी घेतात ती चाचणी नव्हे. आज्ञावली अगदी निर्दोष असूनही यंत्र माणसाला वापरता न येणे सहज शक्य असते. तसेच हे मतांचे सर्वेक्षणही नव्हे. ‘तुम्हाला हे यंत्र कसे वाटले?’ या प्रश्नाचे उत्तर आणि यंत्रापुढे उभ्या माणसाची प्रत्यक्ष कृती यांत अनेकदा मोठी तफावत आढळते. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९८ मधील आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मानकानुसार वापरसुलभता ही यंत्राची सुटी मालमत्ता नाही. ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्टे किती परिणामकारकपणे, किती कमी सायासात आणि किती समाधानाने साधता येतात, यावर ती ठरते. त्यामुळे ‘हे यंत्र सोपे आहे’ हे विधान अपुरे असते. कोणाला सोपे आणि कोणत्या कामासाठी, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

या पद्धतीची वाढ मुख्यतः १९८०च्या दशकात अमेरिकेत झाली. संगणक तज्ज्ञांच्या खोलीतून कचेरीतल्या टेबलावर येऊ लागला, तेव्हा तो वापरणाऱ्यांना काय वाटेल याचा अंदाज बांधणे किती फसवे असते, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. आयबीएममधील क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये संगणक वापरताना मोठ्याने विचार बोलून दाखवण्याची रीत मांडली. पुढे १९८५ मध्ये जॉन गूल्ड आणि लुईस यांनी तीन सूत्रे सांगितली: सुरुवातीपासून वापरणाऱ्यांवर लक्ष ठेवा, त्यांचे प्रत्यक्ष काम मोजा आणि आढळले त्यानुसार आराखडा पुन्हापुन्हा बदला. आज ही सूत्रे अगदी स्वयंसिद्ध वाटतात. पण किती आराखडाकार ती खरोखर पाळतात, हा प्रश्न त्या दोघांनी तेव्हाही विचारला होता आणि तो अद्याप निकाली निघालेला नाही.

त्याच सुमाराची ॲपल कंपनीतील एक हकिकत या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लिसा या संगणकाची जुळवाजुळव सुरू असताना, आज्ञा पक्की करण्याच्या बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘हे कर’, असे शब्द होते. चाचणीला बसलेली काही माणसे मात्र त्या बटणाला टाळत. कारण विचारल्यावर उलगडा झाला. दोन शब्दांतले अंतर थोडे आणि त्या लिपीत मोठा ‘आय’ हुबेहूब छोट्या ‘एल’सारखा, त्यामुळे ती अक्षरे ‘डोल्ट’ अशी वाचली जात. इंग्रजीत डोल्ट म्हणजे मठ्ठ. संगणक आपल्याला मठ्ठ म्हणतो आहे, असा समज झालेला माणूस ते बटण दाबेल कशाला? बटणावर ‘ओके’ आले. आराखडा करणाऱ्यांनी तो पडदा असंख्य वेळा पाहिला होता. परंतु तिथे काय लिहिले आहे हे त्यांना आधीच ठाऊक असल्याने ते त्यांना कधी वाचावेच लागले नव्हते.

वापरणाऱ्याच्या ‘अडाणीपणा’ची समजूत किती पोकळ असते, हे झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात याहून ठसठशीतपणे दिसले. मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी तेथे कंपनीच्याच एका नव्या, अनेक कामे करणाऱ्या फोटोकॉपी यंत्रापुढे माणसांच्या जोड्या उभ्या केल्या आणि त्यांचे संभाषण चित्रित केले. कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रती काढण्यासाठी झगडणाऱ्या एका जोडीचे चित्रण पुढे गाजले. त्या जोडीत होते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाचे एक प्रवर्तक, ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी ॲलन न्यूएल, आणि संगणकीय भाषाविज्ञानातील अभ्यासक रॉन कॅप्लन. एवढ्या विद्वानांना साधी प्रत काढताना घाम फुटत असेल, तर दोष शिक्षणाच्या कमतरतेचा आहे असे म्हणण्याची सोय उरत नाही. सचमन यांचे या विषयावरील पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र माणसाच्या मनात एक ठरलेला बेत गृहीत धरते. माणूस मात्र समोर जे घडेल त्याप्रमाणे पाऊल टाकत जातो, हे त्यातले मुख्य प्रतिपादन.

चाचणी न घेण्याची किंमत केवळ गैरसोयीत मोजायची नसते. ७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले, तेव्हा फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली होती आणि छिद्रे पाडण्याची एकच उभी रांग मधोमध होती. डाव्या पानावर अल् गोर यांचे नाव दुसरे. पण दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचे. गोर यांच्यासाठी तिसरे छिद्र पाडावे लागे. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी ठेवायची, यासाठी ही दोन पानी मांडणी स्वीकारली होती. हेतू चांगलाच होता. त्या परगण्यात १९ हजारांहून अधिक मतपत्रिका अध्यक्षपदासाठी एकाहून अधिक छिद्रे पडल्यामुळे बाद झाल्या, ब्यूकॅनन यांना ३,४००हून अधिक मते मिळाली आणि जॉर्ज बुश यांनी संपूर्ण फ्लोरिडा राज्य अवघ्या ५३७ मतांनी जिंकून अध्यक्षपद मिळवले. मतपत्रिकेचा नमुना मतदारांना आधी पाठवण्यात आला होता, तेव्हा आरडाओरड झाली नव्हती. नमुना नुसता पाहणे ही एक गोष्ट आणि त्यात आपल्या उमेदवारासमोर छिद्र पाडून दाखवणे ही दुसरी.

या घटनेनंतर लगेचच कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी तशाच मांडणीची मतपत्रिका लोकांसमोर ठेवली. विद्यापीठातील विद्यार्थ्यांना ती गोंधळाची वाटली, पण चूक कोणी केली नाही. तीच मतपत्रिका शहरातील एका मॉलमध्ये आलेल्या सर्वसामान्य लोकांपुढे ठेवली, तेव्हा मात्र काहींच्या हातून चुका झाल्या; आणि त्या दोन पानी मांडणीतच झाल्या, एका रांगेच्या मांडणीत नव्हे. विद्यार्थ्यांवर थांबले असते, तर मतपत्रिकेला उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र मिळाले असते.

म्हणूनच चाचणीची पहिली पायरी माणसे निवडण्याची. पासबुकाचे यंत्र प्रामुख्याने ज्येष्ठ नागरिक वापरणार असतील, तर बँकेतील कनिष्ठ कर्मचारी, त्यांचे भाऊबंद किंवा शेजारच्या महाविद्यालयातील मुले उपयोगाची नाहीत. नेमकी हीच माणसे सहज मिळतात, हा मोह टाळावा लागतो. वय, शिक्षण, मराठी वाचनाची सवय, चष्मा, हाताची थरथर, एटीएम एकट्याने वापरतात की मुलाला सोबत नेतात, अशा गोष्टी आधी विचारून घेतात. किती माणसे बोलवावीत याविषयी मात्र जाणकारांत एकमत नाही. जेकब नील्सन आणि टॉम लँडाउअर यांनी १९९३ मध्ये एक गणित मांडले. त्यानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो; पुढच्या माणसाकडून तेच दोष पुन्हा दिसू लागतात आणि पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष हाती येतात. ‘पाच पुरेत’ हे वाक्य त्यानंतर जणू मंत्रासारखे म्हटले जाऊ लागले. पण २००१ मध्ये जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी मोठ्या संकेतस्थळांच्या चाचणीत पहिल्या पाच जणांकडून ३५ टक्केच दोष सापडल्याचे दाखवले. व्यवहारात मधला मार्ग बरा: एकाच प्रकारची पाच माणसे बोलवावीत, प्रकार तीन असतील तर पंधरा, आणि सगळ्यांना एकाच फेरीत संपवण्यापेक्षा पाच जणांनंतर दुरुस्ती करून मग पुढचे पाच बोलवावेत.

यंत्र पूर्ण होईपर्यंत थांबण्याचीही गरज नसते. पडद्यांची चित्रे कागदावर काढून, माणसाने बोट ठेवले की पुढचा कागद समोर सरकवायचा, एवढ्यावरही पुष्कळ कळते. गूल्ड आणि सहकाऱ्यांनी तर १९८३ मध्ये बोललेले ऐकून टंकलेखन करणारे यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याची चाचणी घेतली. दुसऱ्या खोलीत एक टंकलेखक बसवून त्याने टंकलेले शब्द पडद्यावर दाखवले. पासबुकाच्या यंत्रासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला फट पाडली आणि मागे एक सहकारी बसवला, तरी लोक पासबुक कोणत्या बाजूने धरतात हे अर्ध्या दिवसात समजेल. लोखंडी खोक्याची फट नंतर कापून हलवण्यापेक्षा पुठ्ठा कापणे कधीही स्वस्त.

दुसरी पायरी कामे ठरवण्याची, आणि इथे शब्दांना फार महत्त्व असते. ‘भाषा निवडून, बारकोडची बाजू वर करून पासबुक आत सरकवा’ असे सांगितले, तर ती चाचणी राहत नाही. ते यंत्राच्या वापराचे प्रशिक्षण झाले. त्याऐवजी ‘या महिन्याचे पेन्शन जमा झाले का, हे तुम्हाला बघायचे आहे. हे पासबुक घ्या’ एवढेच सांगावे. बटणावर असलेला शब्द कामाच्या वर्णनात येऊ देऊ नये. कारण मग माणूस अर्थ न समजताही तो शब्द पडद्यावर शोधून दाबतो. मराठी पडद्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. ‘सादर करा’, ‘प्रविष्ट करा’, ‘संकेतशब्द’ हे शब्द शुद्ध असतील, पण ते वाचून समोरच्या मावशींना काय करावेसे वाटते, हे त्यांनाच करू दिल्याखेरीज कळणार नाही. कदाचित त्यांच्या मनातला शब्द ‘पासवर्ड’ हाच असेल. शुद्धतेचा निवाडा भाषासमितीने करावा. समजण्याचा निवाडा मात्र यंत्रापुढेच होतो.

काम कुठे संपते, हेही विचारपूर्वक ठरवावे लागते. सुरुवातीच्या काही एटीएममध्ये पैसे आधी बाहेर येत आणि कार्ड नंतर. पैसे हाती पडले की माणसाच्या लेखी काम संपलेले असे. तो निघून जाई आणि कार्ड यंत्रात राही. पुढे क्रम उलटा करून कार्ड आधी परत देण्याची पद्धत रूढ झाली. पासबुकाच्या यंत्रातही तसाच एक क्षण येतो. पान भरले की यंत्र पासबुक बाहेर सरकवते आणि ‘पान उलटा’ असा संदेश पडद्यावर उमटतो. नजर पासबुकावर असलेला माणूस तो वाचत नाही, छपाई झाली असे समजून चालू लागतो. म्हणून माणूस यंत्रापासून दूर होईपर्यंत निरीक्षण थांबवू नये. अनेक दोष शेवटच्या दोन पावलांत सापडतात.

प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशी माणूस आला, की त्याला आधी चहापाणी विचारून स्वस्थ बसू द्यावे. मग एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी: ‘आम्ही यंत्राची परीक्षा घेतोय, तुमची नाही. तुम्ही जिथे अडाल तिथे यंत्र चुकलं असं आम्ही लिहून घेणार आहोत.’ हे वाक्य उपचार म्हणून उरकले, तर त्याचा काही उपयोग होत नाही. चित्रण होणार असल्यास त्याची संमती त्याला वाचता येईल अशा मराठीत घ्यावी. गरज पडल्यास वाचून दाखवावी. माहिती घेण्यापूर्वी संमती हा २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचाही गाभा आहे. वाटेल तेव्हा उठून जाता येईल आणि तरीही ठरलेले मानधन मिळेल, हे आरंभीच सांगावे. पैशांच्या व्यवहारात माणसाचे खरे खाते वापरू नये; त्याची शिल्लक निरीक्षकांनी पाहण्याचे काही कारण नाही.

त्यानंतर बोलत काम करण्याचा सराव. माणसे एरवी मनातल्या मनात विचार करतात. तो विचार मोठ्याने म्हणायला सांगितला की अवघडतात. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी या पद्धतीचा १९८०च्या दशकात सखोल अभ्यास केला. सरावासाठी एक सोपा प्रश्न वापरला जातो: तुमच्या घरात खिडक्या किती, हे मोठ्याने बोलत मोजा. ‘बाहेरच्या खोलीत दोन, स्वयंपाकघरात एक, बाथरूमची धरायची का?’ असे सुरू झाले, की माणसाला नेमके काय करायचे आहे ते उमगते. चाचणीत तो गप्प झाला, तर ‘बोलत राहा’ एवढेच म्हणावे. ‘असं का केलंत?’ हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. ‘का’ विचारले, की माणूस आपल्या कृतीचे समर्थन शोधू लागतो आणि त्याची पुढची वागणूक बदलते. शिवाय आपल्याकडे ‘का केलंत’ यात दटावणीचा सूर आपोआप येतो. जोडीने काम करू दिल्यास हे अवघडलेपण बरेच कमी होते. सचमन यांनी जोड्या घेतल्या त्यामागे हाच विचार होता, आणि नवरा-बायको किंवा दोन मैत्रिणी यंत्रापुढे उभ्या केल्यास ‘अगं, तिकडे नाही, इथे दाब’ असे विचार न मागताच बाहेर पडतात. एकटा माणूस काय करतो हे मात्र त्यातून कळत नाही.

आता चाचणी घेणाऱ्याच्या कसोटीचा क्षण. समोरच्या आजी पासबुक तिसऱ्यांदा उलट्या बाजूने सरकवत आहेत. हात आपसूक पुढे जातो. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला अडलेले पाहून गप्प बसणे असभ्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु इथे केलेली मदत एका आजींची सोय करते आणि त्या यंत्रापुढे उद्या उभ्या राहणाऱ्या शेकडो आजींची गैरसोय कायम ठेवते. त्यामुळे मदत कधी करायची हे आधीच ठरवून ठेवतात. उदाहरणार्थ, तीन प्रयत्न फसल्यावर किंवा माणूस व्यथित झालेला दिसताच, यांपैकी जे आधी होईल ते. आजींनी ‘आता काय करू?’ असे विचारले, तर ‘मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?’ असे सौम्यपणे विचारावे. मदत करावीच लागली, तर ते काम ‘अपूर्ण’ म्हणून नोंदवावे. ‘थोडेसे सांगावे लागले, पण जमले’ अशी नोंद करणे ही स्वतःची फसवणूक. आणि सगळे आटोपल्यावर आजींना यंत्र कसे चालते ते नीट दाखवून, ते कुठे चुकले हे सांगूनच निरोप द्यावा. ‘आपल्याला येत नाही’ असे समजून त्या घरी गेल्या, तर चाचणीने त्यांच्यावर अन्यायच केला म्हणायचे.

भारतात या पद्धतीपुढे एक आणखी अडचण उभी राहते: भिडस्तपणा. पाहुणचार घेतल्यावर यजमानाच्या यंत्राला नावे कशी ठेवायची? हा केवळ अनुभवाचा भाग नाही. बेंगळुरूमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ४५० जणांच्या मुलाखती घेऊन त्यांना दोन गोष्टींपैकी एक निवडायला सांगितले गेले. एक मुलाखत घेणाऱ्याने स्वतः तयार केलेली आहे, असा समज करून दिल्यास, दोन्ही गोष्टी अगदी सारख्या असतानाही, लोक तिची निवड सुमारे अडीच पट अधिक करत. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषी असेल, तर हे प्रमाण पाच पटींवर जाई. थोडक्यात, ‘छान आहे हो यंत्र’ या वाक्याचे वजन फारसे नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे चाचणी घेणाऱ्याने यंत्राशी आपला संबंध नाही, ते दुसऱ्यांनी केले आहे, असे सांगावे आणि ते खरेही असावे. ज्याने आराखडा केला, त्याने पलीकडच्या खोलीत बसून पाहावे.

मुंबईत यावर एक गमतीदार तोडगा निघाला. ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या संस्थेच्या येथील कार्यालयात काम करणाऱ्या अपला लाहिरी चव्हाण यांनी ‘बॉलीवूड पद्धत’ मांडली. कोरडे काम देण्याऐवजी हिंदी चित्रपटाला शोभेलसे कथानक द्यायचे. निरागस भाचीचे लग्न ठरले आहे. पण होणारा नवरा गुन्हेगारी टोळीतला मारेकरी आहे आणि शिवाय आधीच विवाहित आहे, असे तुम्हाला अचानक कळते. पुरावा तुमच्यापाशी आहे. त्याच्या बायकोला घेऊन तातडीने बेंगळुरूला पोहोचायचे आहे, तेव्हा विमानाची तिकिटे काढा. एवढे नाट्य मिळाल्यावर माणसे मोकळी होतात आणि भाचीचे लग्न मोडण्याच्या आड येणाऱ्या संकेतस्थळावर बेधडक चिडतात, असा अनुभव आला. राग व्यक्त करायला माणसाला एखादी भूमिका लागते, ही यातली खरी मख्खी.

बेंगळुरूमध्येच मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेढी यांनी घरकाम करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांसाठी काम शोधून देणारी चित्रे व आवाजांवर चालणारी यंत्रणा तयार केली. चाचणीत दिसले, की चित्रे कळूनही स्त्रिया पुढे जायला कचरत. कामांची माहिती या पेटीत येते कोठून आणि तिचे पुढे होते काय, हेच त्यांच्यासाठी गूढ होते. मग सारी साखळी दाखवणारी एक नाट्यमय चित्रफीत सुरुवातीला जोडण्यात आली, आणि त्यांना यंत्रणा वापरणे अधिक जमू लागले. अडचण बटणात नव्हतीच. आणि ‘बटण मोठे करू का?’ असा प्रश्न विचारून ती कधी सापडलीही नसती.

मोजायचे काय, यात फारसे गूढ नाही: काम पूर्ण झाले का, किती वेळ लागला, किती चुका झाल्या, किती वेळा मदत लागली. शेवटी समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही सर्रास वापरतात. तिचे गुण शून्य ते शंभर असतात आणि ६८च्या आसपासचे गुण सरासरी मानले जातात. हे गुण म्हणजे टक्केवारी नव्हे, हे विसरून अहवालात ‘८० टक्के लोक समाधानी’ असे लिहिण्याची चूक वारंवार होते. आणि भिडस्त माणसांनी दिलेले ८० गुण हातात असताना दहापैकी सहा जणांना पासबुक छापता आलेले नसेल, तर विश्वास कशावर ठेवायचा, हे उघड आहे.

अहवालही छोटाच असावा. प्रत्येक दोष किती जणांना नडला, नडल्यावर काम थांबले की नुसता उशीर झाला, आणि एकदा कळल्यावर सुटतो की दर वेळी छळतो, या तीन निकषांवर त्यांची उतरंड लावतात. ऐंशी पानांच्या बाडापेक्षा, आराखडा करणाऱ्यांना दोन मिनिटांची चित्रफीत दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. आपल्या यंत्रापुढे कोणीतरी ‘मीच वेंधळी’ म्हणत मान खाली घालताना पाहिल्यावर ‘लोकांना सवय होईल’ हा युक्तिवाद सहसा पुन्हा कोणी करत नाही.

अर्थात सवयीचा मुद्दा सर्वस्वी खोटा नाही. नवख्या माणसाची एका दिवसाची चाचणी पहिल्या भेटीबद्दलच सांगते. रोज वापरायच्या साधनांसाठी तेवढे पुरत नाही. मोबाइलवर मराठी लिहिण्याच्या कळफलकांचे उदाहरण घेता येईल. पवई येथील आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, जिथे २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला, तेथील संशोधकांनी निरनिराळ्या मराठी कळफलकांची तुलना एका बैठकीत न उरकता तीच माणसे पुनःपुन्हा बोलावून केली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये मांडले. पहिल्या दिवशी गोंधळात टाकणारा कळफलक महिन्याने वेगवान ठरू शकतो, आणि उलटही घडू शकते. पासबुकाचे यंत्र मात्र महिन्यातून एखाद्या वेळीच वापरायचे असते. त्याच्यापुढे माणूस दर वेळी जवळपास नवखाच असतो. म्हणून तेथे पहिल्या भेटीचाच निकाल महत्त्वाचा.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी लागते, आणि दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या फेरीतली माणसे चालत नाहीत. एकदा यंत्र पाहिलेला माणूस पुन्हा नवखा होत नाही. फटीजवळ पासबुकाचे चित्र काढले, बारकोडची बाजू रंगाने दाखवली, ‘पान उलटा’ हा संदेश पडद्याबरोबर आवाजातूनही दिला, तर काही दोष जातात आणि काही नवे उद्भवतात. आवाज ऐकून मागच्या रांगेतले लोक वळून पाहतात आणि यंत्रापुढचा माणूस पुन्हा अवघडतो, हे कदाचित दुसऱ्याच फेरीत दिसेल. त्यासाठी ही फेरी बंद खोलीत न घेता बँकेच्या दालनात, रांग असलेल्या वेळी, पेन्शन जमा होण्याच्या आठवड्यातच घेतलेली बरी.